उपाशाले कॅरेट नाही

त्या बाईने माझ्या हातात चरबी दिली. रबराची होती, पण ते मला मागून समजलं. पिवळीजर्द, गाठीगाठींची, वरून ओली वाटावी अशी चकाकणारी. सडक्या संत्र्यात चुकून बोट जातं तेव्हा लागतं तसं काहीतरी. "आजोबा, ही एक किलो चरबी. अशा किती तुमच्या पोटावर आहेत, करा अंदाज," असं म्हणून ती हसली. तिचे दात फार स्वच्छ होते. मी तो गोळा टेबलावर ठेवला आणि हात धोतराला पुसले. पुसून काही झालं नाही. दिवसभर बोटांना ते चिकटूनच आहे असं वाटत राहिलं. संध्याकाळी लेकीने ताट वाढलं आणि भातावरचं गोठलेलं तूप पाहून मला उमळून आलं.

हे अकोल्यात झालं. जुन्या शहरात माझी लेक दिलेली आहे. तिच्या घराकडून मोर्णेचा पूल ओलांडला की दवाखानेच दवाखाने लागतात. त्यातल्या एका माडीवर ही बाई बसते आणि लोकांना काय खायचं ते सांगते. आजवर मला काय खायचं ते आईने सांगितलं, मग बायकोने सांगितलं. दोघींनीही त्याआधी मला काट्यावर उभं केलं नव्हतं.

मी तिथे गेलो कशाला, तेही सांगतो. मी मोर्शीकडचा माणूस, संत्र्याच्या मुलखातला. घरची झाडं थोडी, त्यातली अर्धी वाळलेली. हयात गेली ती दुसऱ्यांच्या बगीच्यात. व्यापारी बगीचा घेतो, बाया-माणसं फळ तोडतात, बाया निवडतात, आणि भरलेली कॅरेटं, म्हणजे प्लास्टिकचे क्रेट, झाडाखालून गाडीपर्यंत नेते ती आमची टोळी. काळ्या मातीत ओल असली की गाडी आत घालता येत नाही, चाक रुतून बसतं. मग माणूस रुततो. डोक्यावर कापडाची चुंबळ, चुंबळीवर कॅरेट, आणि पाय चिखलातून उपसत चालायचं. टोळीत माझ्या वयाचं आता कोणी उरलं नाही. काही मेले, काही ओट्यावर बसले. मला ह्यातलं एकही कबूल नाही.

पण गुडघा बोलायला लागला. अमरावतीच्या हाडांच्या डॉक्टरने फोटो काढला, उजेडात धरला आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "बाबा, एक तर पोट उतरवा, नाहीतर ओझं सोडा. दोन्ही ह्या गुडघ्यावर बसणार नाहीत." ही गोष्ट आमच्या मुकादमापर्यंत पोचली. मुकादम माझ्या पोराच्या वयाचा. मीच त्याला चुंबळ बांधायला शिकवली आणि आता तो टोळी चालवतो. तो म्हणाला, "मामाजी, आंबिया बहाराच्या फळाचा मोठा तोडा लागाले वेळ हाये. तवरीक पोट उतरवा. उतरलं त तुमी रांगेत. नाई त बायाइसंग निवडाले बसा."

निवडाले बसा! झाडाखाली पोत्यावर मांडी घालून लहान फळ इकडे, मोठं फळ तिकडे. बायांचं काम वाईट नाही, त्यांच्याशिवाय गाडी भरत नाही. पण बाप्या माणूस त्या पोत्यावर बसला की पुन्हा उठत नाही, हे मी पाहिलं आहे. आधी टोळी त्याला चहा नेऊन देते. मग चहा द्यायला विसरते.

लोक हसतात की ओझी वाहणाऱ्याला पोट कसं सुटतं. सुटतं. गाडी भरायला लागली की व्यापाऱ्याचा चहा, तो पाकासारखा गोड. गाडी भरली की पुन्हा चहा. फाट्यावर आलूबोंडा, मिरचीचे भजे. रात्री अंग मोडलेलं असतं म्हणून भाताचा ढीग. ह्याला आम्ही खाणं म्हणत नाही. खाणं म्हणजे भाकर. चहा काय, भजं काय, ते नुसतं तोंड हलवणं. तसंच पोट वाढत गेलं आणि अंगावरची बंडी लहान होत गेली.

म्हणून लेकीने मला त्या बाईकडे नेलं, आणि बाईने विचारलं, "आजोबा काय करतात?"

मी तोंड उघडायच्या आत लेक बोलली, "काही नाही मॅडम, रिटायर आहेत. घरचा संत्र्याचा बगीचा आहे, तिकडे फेरी मारतात."

फेरी! मी बोललोच असतो, पण नेमका तेव्हा तो रबरी गोळा माझ्या हातात होता आणि माझं सगळं लक्ष त्याला टाकून कसं द्यावं ह्याच्यात होतं. बाईने कॉम्प्युटरवर बोटं चालवली. वय, उंची, वजन, बैठं आयुष्य. "बाराशे कॅलरी," ती म्हणाली. कॅलरी म्हणजे काय म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, अन्नातून अंगाला किती ताकद मिळते ते मोजायचं माप. मग तिने कागद दिला. सकाळी दुधीचा रस. मोड आलेले मूग, कच्चे. दुपारी दोन फुलके, तेही बिनातेलाचे, आणि काकडी. रात्री सूप.

जिना उतरताना मी लेकीला धरलं. "कावून वं असं सांगतलं?"

"मंग काय सांगू? माया बाप या वयात डोक्शावर कॅरेट वाह्यते म्हनू?"

"हाव, तेच म्हन. चोऱ्या नाई करून राहिलो मी."

"ते बाई माया सासूच्या वळखीची हाये, बाबा. उद्या गल्लीभर होईन."

"होऊ दे."

"तुमचं काय जाते होऊ दे म्हनाले! तुमी उद्या गाडीत बसून चालले जासान. मले त्याच गल्लीत राहा लागते."

 मला किळस आली. ज्या ओझ्यावर तिचं लग्न झालं, तेच ओझं तिला लपवावं लागतं, आणि ज्या गल्लीसाठी लपवायचं त्या गल्लीतली नाली वर्षभर तुंबलेली. पुन्हा माडी चढून खरं सांगता आलं असतं. पण माझाही हट्ट आहे. लिहून दिलं ना बाराशे? मग बाराशेच. मला काय कमी खाता येत नाही? दुष्काळ पाहिले आहेत मी.

घरी आलो. बायकोने कागद ऐकला आणि दुधी किसून, पिळून रस काढला. पेल्यावर हिरवट फेस, डबक्याच्या काठाला असतो तसा. वास कच्च्या पाल्याचा. एक घोट घेतला आणि तो घशात उभाच राहिला, खालीही जाईना, वरही येईना. मुगाला आलेले मोड पांढरे, बारीक शेपटासारखे, दाताखाली सळसळतात. मी हे खात होतो आणि बायको चुलीपाशी बसून मला बघत होती.

"पेता का म्हशीले देऊ?" ती म्हणाली.

"पेत असन त दे तिले."

"देल्लं होतं मघाशी. हुंगलं अन् मांगं सरली."

दोन दिवस ती दुधी पिळत राहिली. तिसऱ्या दिवशी मी दोन फुलके फडक्यात बांधताना पाहिले आणि तिला राहवलं नाही. "बैल होते आपल्या घरी तवा वखराच्या दिवसात तुमी सरकीची ढेप वाढवत होते. रिकामे बसले की नुसता कडबा. अन् सोताचं उलटंच चालवलं?"

"बैल कॅलरी मोजत नाई," मी म्हणालो.

"त्याले गरजच नाई. त्याले धनी असते."

मी फडकं उचललं आणि निघालो. बायकांच्या बोलण्याला एवढं वजन दिलं तर माणसाचं कामच होत नाही.

छोटे छोटे तोडे तेव्हा सुरू झाले होते. पहिले काही दिवस मी जिद्दीवर काढले. पोटात आग, तोंडाला कडवट पाणी. जवळून कोणी बिडी ओढत गेलं तरी घुसमटायचं, फाट्यावरचं तळण लांबून आलं की जीव कासावीस व्हायचा, आणि त्याच जिभेची मला लाज वाटायची. एका दुपारी कॅरेट डोक्यावर होतं, गाडी समोर दिसत होती, आणि एकदम झाडं पिवळी झाली. फळं नाही, झाडंच. गुडघा वाकला. कॅरेट पुढे गेलं आणि मी मागे बसलो. फळ चिखलात गेलं. व्यापाऱ्याचा माणूस गाडीवरून ओरडला. टोळीतले पोट्टे धावत आले, मला पकडून झाडाखाली बसवलं.

मुकादमाने माझं फडकं उघडून पाहिलं. दोन फुलके, कागदासारखे. "हे काय मामाजी? जेवन कुठी हाये?"

आता काय सांगू? डायटिंग म्हणू? टीव्हीतल्या नट्या करतात ते? ह्या पोट्ट्यांनी मोसमभर माझी टर उडवली असती. मी म्हणालो, "उपास हाये."

"कोनता?"

"नवस हाये. अंबादेवीचा. धान्य सोडलं मी. ते फुलके माह्यासाठी नाई, कुत्र्यासाठी."

आमच्या टोळीत एक रीत आहे. कोणी घातली ते माहीत नाही, माझ्या आधीपासून आहे. ज्याचा उपास त्याला ओझं नाही. एकादशी असो, महाशिवरात्र असो, उपाशी माणूस रांगेत चालत नाही. पूर्वी असाच एकजण पडला आणि मागच्याला घेऊन पडला, तेव्हापासून म्हणतात. उपाशाले कॅरेट नाही. त्याने निवडायला बसायचं, आणि त्याच्या फराळाचं सगळ्यांनी पाहायचं. उपाशी माणसाला खाऊ घातलं की आपल्यालाही थोडं पुण्य लागतं, हाही त्यात हिशोब.

मी एका शब्दात स्वतःला पोत्यावर बसवलं होतं. ज्याच्यासाठी दुधी गिळला, तेच हातचं गेलं.

निवडणाऱ्या बायांत एक माझ्याच वयाची आहे. नवरा कधीचा गेलेला, जीभ विळ्यासारखी. माझ्यासाठी पोतं झटकलं आणि म्हणाली, "या बुढेबाबा, या. देवीनं तुमाले आमच्यात धाडलं म्हना." आणि दुसऱ्या दिवशी तिने डबा उघडला. साबुदाण्याची उसळ. शेंगदाण्याचा कूट, तूप, आलूच्या फोडी. साबुदाणा फुगून गोळागोळा झालेला, तुपाने चकाकणारा. मला तो अकोल्याचा रबरी गोळा दिसला. पण पोट आठवडाभर जळत होतं. मी खाल्लं. डोळे मिटून खाल्लं आणि पुन्हा मागितलं.

मग तो रोजचाच धंदा झाला. कोणाच्या घरून भगर आणि शेंगदाण्याची आमटी, कोणाकडून आलूचा कीस, कोणी केळी आणली, कोणी खोबऱ्याची वडी. नाही म्हणता येत नाही. एकीच्या घरचं खाल्लं आणि दुसरीच्या घरचं नाही, तर ती महिनाभर बोलणार नाही. बसल्या जागी खात होतो, कॅरेट उचलत नव्हतो. घरी येऊन पुन्हा त्या कागदावरचं सूप. बंडीची खालची गुंडी लागेना. बायकोने ते पाहिलं. दोरीवरून माझी जुनी मोठी बंडी काढून ठेवली.

सगळ्यात घाण गोष्ट पुढेच होती. लोक पाया पडायला लागले. धान्य सोडलेला माणूस म्हणून. सकाळी टोळी बगीच्यात शिरली की दोन-तीन पोट्टे माझ्या पायाला हात लावून मग कॅरेट उचलायचे. एकाने विचारलं, "बाबाजी, माया लग्नाचं देवीच्या कानावर घाला नं." ज्याच्या ढेकराला तुपाचा वास येतो त्याच्या पाया! मला अशी शिसारी यायची, स्वतःची आणि त्यांचीही, की पाय आखडून घ्यावासा वाटायचा. पण मी पाय पुढे करायचो.

मोठा तोडा जवळ आला तेव्हा लेकीने अकोल्याला बोलावलं. काट्यावर उभं केलं. बाईने आकडा पाहिला, मागचा आकडा पाहिला आणि चष्मा काढला.

"आजोबा, वजन वाढलंय. तुम्ही चोरून खाताय."

चोरून. हा शब्द मला आजवर कोणी लावला नव्हता. संत्र्याच्या बगीच्यात जन्म गेला, पण विचारल्याशिवाय एक फळ तोडलं नाही. मी उठून उभा राहिलो. टोपी काढली आणि तिच्यासमोर डोकं वाकवलं.

"हात लावून पाहा."

"अहो आजोबा, काय करताय?"

"लाव नं माय हात. माया हातात तू चरबी देल्ली, आता तू माया डोक्श्याले हात लाव."

डोक्याच्या मधोमध, चुंबळ बसते तिथे, माझे केस उगवत नाहीत. कातडी जाड झाली आहे, टाचेसारखी, मधूनमधून भेगा आहेत. तिने एक बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. चरबीचा गोळा दिवसभर हाताळणाऱ्या बाईला माझ्या डोक्याची किळस आली. मला फार बरं वाटलं.

"हे कशाने?" तिने विचारलं.

"कॅरेटानं. संत्र्याच्या. बसून नाई राहत मी, वाह्यतो. रिटायर तुयाकडच्या कागदावर असन."

लेक खाली मान घालून बसली होती. मला वाटलं बाई आता वरमेल. ती कसली वरमते! ती लेकीवर उखडली. "ओझी वाहणाऱ्या माणसाला मी बाराशे दिले असते का? चक्कर येऊन पडले असते तर?" पडलो होतो, पण ते मी तिला सांगितलं नाही. मग तिने मला बसवलं आणि चहापासून सगळं विचारलं. किती चहा, किती साखर, भजे कधी, भात किती, उसळीत तूप किती. मी सांगत गेलो आणि ती लिहीत गेली. चहासुद्धा लिहिला. मी म्हणालो चहा काय खाणं आहे, तर म्हणाली, "तुमच्या पोटाला ते माहीत नाही, आजोबा. आणि तुमची ती उपासाची उसळ तुमच्या भाकरीपेक्षा जड आहे. भुकेल्या पोटाने दोन वाट्या खाल्ल्या की दिवसाचं निम्मं झालं."

नवा कागद झाला. बाराशेच्या जागी दोन हजारांच्या वरचा आकडा. ज्या दिवशी गाडी भरायची त्या दिवशी निघण्याआधी भाकर, घट्ट वरण, ताक. दुपारीही भाकर, आणि डाळ किंवा उकडलेलं अंडं. गाडी नसेल त्या दिवशी भाकर कमी. चहा बिनसाखरेचा. तळण बंद, रात्रीचा ढीग बंद. वजन हळूहळूच उतरेल, ती म्हणाली, आणि हळूहळूच उतरू द्या. उपाशी राहून घाई केली तर चरबीच्या आधी अंगातलं मांस जाईल, आणि मांस गेलं तर उचलणार कशाने?

म्हणजे राबत्या बैलाला ढेप आणि रिकाम्याला कडबा. चुलीपाशी फुकट सांगितलेलं मी अकोल्याला येऊन फी देऊन ऐकलं. घरी जाऊन बायकोला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने मरेपर्यंत ऐकवलं असतं.

जिन्यात लेक म्हणाली, "बाबा, बाई सांगीन सासूले."

"सांगू दे. पुढच्या वेळी सासूलेच घेऊन ये संग. तिचंई पोट कमी नाई."

ती रडता रडता हसली. पण पदराने तोंड पुसून पुन्हा म्हणाली, "गल्लीत नका बोलू बा." मी जिना उतरत राहिलो. तिचं तिने पाहावं.

आता भाकर खायची तर उपास सोडायला हवा होता. सोडायचा म्हणजे काय, नव्हताच तो. पण टोळीसाठी होता. मुकादमाला म्हणालो, "नवस पुरा झाला माया. उद्यापासून उचलतो." तर तो म्हणाला, "असा कसा पुरा? पारनं कुठी हाये? अंबादेवीचा नवस अन् रोडगे नाई?" आणि सगळी टोळी ओरडली, रोडगे, रोडगे. नवस फेडायचा म्हणजे आमच्याकडे रोडग्यांचा स्वयंपाक. त्याशिवाय देवी सोडत नाही, आणि देवीने सोडलं तरी टोळी सोडत नाही.

बायको म्हणाली, "देवीच्या नावानं लबाडी केली, आता देवीच्याच नावानं खाऊ घाला." आणि गहू दळायला काढला.

मोठ्या तोड्याचा पहिला दिवस. बगीच्याच्या कडेला निंबाखाली शेंदूर लावलेला दगड आहे, तिथे माझ्या बायकोने गोवऱ्या पेटवल्या. कणकेचे जाड गोळे त्या निखाऱ्यात भाजले, फडक्यात घोळून राख झटकली, फोडून टोपलीत रचले. वांग्याची भाजी, वरण. गाडी बाहेर रस्त्यावर उभी, भरलेली कॅरेटं झाडाखाली रांगेने मांडलेली, जेवण झालं की उचलायची. मुकादमाने पहिल्या पानावर मला बसवलं. हळदकुंकू आणलं. पोट्टे एकेक करून पाया पडायला लागले. त्या लग्नाळू पोट्ट्याने तर डोकंच माझ्या पायावर ठेवलं. त्याच्या डोक्याला तेलाचा आंबूस वास येत होता. मुकादमाने तुपाचं भांडं घेतलं आणि माझ्या पानातल्या रोडग्यावर धार धरली. तूप पिवळं, दाट, रोडग्याच्या चिरांत शिरून बाहेर ओघळत पानावर थिजायला लागलेलं. तो गोळाच. मला राहवलं नाही.

मी पानावर आडवा हात धरला. "बस कर. नवस-फवस काई नव्हता."

"आँ?"

"नव्हता म्हनतो नं. पोट कमी करून राहिलो मी. अकोल्याच्या बाईनं कागद देल्ला खान्याचा. डायटिंग म्हनते त्याले. तुमी हासान म्हनून उपास सांगतला. आता हासा, अन् हे पाया पडनं बंद करा. मले ओकारी येते."

मुकादमाने तुपाचं भांडं खाली ठेवलं. मग तो लग्नाळू पोट्टा म्हणाला, "म्हंजे देवीले माह्यं सांगतलंच नाई काय?" आणि टोळी फुटली. लोळले लेकाचे. "बाबाजी, हिरोइन व्हायचं हाये काय?" "कंबर दाखवा नं!" "अरे त्याइच्या पानातलं तूप काढा, फिगर बिघडन!" मी मान वर ठेवून बसलो होतो. कानशिलं तापली होती.

हसली नाही ती एकच. ती विळ्याच्या जिभेची म्हातारी उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"माया घरची उसळ खाल्ली नं बे बुढ्या, देवीच्या नावानं? सोता कोरडी भाकर खाऊन तुले तूप घातलं मी."

"खाल्ली."

"चांगली लागली?"

"नाई. गिळगिळीत होती. तरी खाल्ली."

मला वाटलं आता थुंकते. थुंकली असती तर तिचं काही चुकलं नसतं. ती मुकादमाकडे वळली. "याले माया पोत्यावर पाठवू नको बाप्पा आता. लबाड मानूस बाजूले बसला की फळ सडते."

मुकादम डोकं खाजवत होता. टोळीसमोर त्यालाच ठरवायचं होतं. "मामाजी, रीत एकच हाये," तो म्हणाला. "उपाशाले कॅरेट नाई. तुमी त उपाशी नव्हतेच कधी. पन आज जेवसान की नाई? का कागदावर रोडगे नाई लिहेल?"

कागदावर रोडगे नव्हते. भाकर होती. मी पान जरासं तिरपं केलं, तूप मातीत ओघळू दिलं. मग कडेचे दोन कोरडे रोडगे घेतले, वरणात चुरले, वांगं घेतलं आणि सगळ्यांसमोर खाल्लं. कोणी हसलं, कोणी नाही. तोंडात राखेची कचकच आली. कितीतरी दिवसांनी धान्य दाताखाली आलं होतं, आणि ते इतकं चांगलं लागलं की त्याचाही मला राग आला. तिसरा रोडगा बायकोने पुढे केला. मी नाही म्हणालो. तिने डोळे वटारले, पण परत टोपलीत टाकला.

हात धुतले. चुंबळ पिळून डोक्यावर बसवली. पहिल्या कॅरेटपाशी गेलो तेव्हा रांगेतले पोट्टे आपसूक बाजूला झाले नाहीत, पूर्वी व्हायचे. मला मधे घुसावं लागलं. मुकादमाने एका बाजूने हात दिला, मी दुसऱ्या बाजूने घेतलं, आणि कॅरेट डोक्यावर आलं. गुडघ्याने कडकन आवाज केला. सगळ्यांनी ऐकला.

"मामाजी?" मुकादम म्हणाला.

"तू मांगचं पाह्य," मी म्हणालो आणि पाय उचलला. चिखलाने तो धरून ठेवला, मग सोडला. पोट अजून पुढेच होतं, बंडीची गुंडी अजून लागत नव्हती, आणि मागून त्या म्हातारीचा आवाज येत होता, "पाहा रे, पाहा, चालली हिरोइन!" मी गाडीपर्यंत गेलो. कॅरेट वर दिलं. मग दुसऱ्यासाठी वळलो.